नावापुढचा महिना

आपल्या वार्षिकात प्रवासवर्णने नेहमी असतात. कोणी अजिंठ्याला जाऊन येतो, कोणी पाटणादेवीला, कोणी तोरणमाळला. मीही गेल्या वर्षी पुष्कळ प्रवास केला. पण तो ओळखीच्या माणसांच्या दारापर्यंतचा. ज्या ओट्यावर लहानपणी सागरगोटे खेळले, त्याच ओट्यापुढे कागदांची पिशवी घेऊन उभे राहायचे आणि "आत येऊ का?" म्हणून विचारायचे! हा प्रवास किती लांबचा असतो, ते केल्याशिवाय कळत नाही.

झाले ते असे. प्रथम वर्षाची परीक्षा संपली आणि मी आयुर्विम्याची एजंट झाले. ९ डिसेंबर २०२४ रोजी पानिपत येथे आयुर्विमा महामंडळाच्या 'विमा सखी' योजनेला सुरुवात झाली होती. १८ ते ७० वयाच्या, दहावी उत्तीर्ण स्त्रियांसाठी ही योजना. पहिल्या वर्षी दरमहा ७,००० रुपये विद्यावेतन, दुसऱ्या वर्षी ६,०००, तिसऱ्या वर्षी ५,०००, कमिशन वेगळे. ज्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच, त्या घरात हे आकडे ऐकून माय दोन मिनिटे चुलीपुढून उठली नाही. नंतर म्हणाली, "आणि बदल्यात काय मागतात?"

मायने नेमका प्रश्न विचारला होता. बदल्यात, इतर अटींबरोबर, वर्षात निदान २४ आयुष्यांचा विमा उतरवायचा होता. कचेरीच्या भाषेत माणसांना 'आयुष्ये' म्हणतात. महिन्याला दोन आयुष्ये. मला वाटले, त्यात काय मोठेसे! आमच्या एकट्या गल्लीत साठ-सत्तर आयुष्ये राहतात.

परीक्षा सोपी गेली. २५ तासांचे प्रशिक्षण, मग संगणकावर एका तासात ५० प्रश्न. १८ बरोबर आले की उत्तीर्ण. प्रशिक्षणात इतिहासही होता. १९ जानेवारी १९५६ ला सरकारने वटहुकूम काढून विमा कंपन्या ताब्यात घेतल्या. तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. २४५ लहानमोठ्या विमा कंपन्या आणि सोसायट्या मिळून १ सप्टेंबर १९५६ ला महामंडळ उभे राहिले. विमा शहरातल्या नोकरदारांपुरता न राहता खेड्यापाड्यांत जावा, हा त्यामागचा एक हेतू. महामंडळाच्या बोधचिन्हात ज्योतीभोवती दोन हात धरलेले आहेत. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा नेताना माय असेच हात धरते. मला ते चित्र फार आवडले, आणि खेड्यापर्यंत विमा नेण्याचे राहिलेले काम आता आपल्याच हातून व्हायचे आहे, असेही उगाच वाटून गेले.

पहिल्याच बैठकीत आमच्या विकास अधिकारी मॅडमनी प्रत्येकीला एक वही दिली. म्हणाल्या, "शंभर नावे लिहून आणा. नातेवाईक, शेजारी, शिक्षक, दुकानदार, जे जे ओळखतात ते सगळे. या धंद्यात भांडवल एकच, ओळख."

रात्री वही घेऊन बसले. माझी नावे सदतिसावर संपली. शेजारी बसलेल्या एका मैत्रिणीची नावे दीडशेच्या वर गेली होती. तिचे वडील शिक्षक, काका ग्रामसेवक, मामाचे जळगावात औषधांचे दुकान. माझे वडील सालदार. दुसऱ्याच्या शेतावर वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या माणसाची ओळख मालकाशी, बैलांशी आणि बरोबरीच्या सालदारांशी. माझ्या सदतीस नावांतली निम्मी माणसे उधारीवर किराणा आणणारी होती. शाळेत भूगोलाच्या वहीत आम्ही महाराष्ट्राचा नकाशा काढत असू. ही वही म्हणजे आमच्या घराचा नकाशा होता. तो किती लहान आहे, हे मला त्या रात्री कळले.

"सुरुवात घरापासून करा," असेही मॅडम म्हणाल्या होत्या. म्हणून पहिला फॉर्म आबांपुढे ठेवला. जन्मतारखेला अडचण नव्हती; शाळेच्या दाखल्यावर १ जून होती. आमच्या गावातली जुनी माणसे बहुतेक १ जूनलाच जन्मलेली आहेत. गुरुजींनी शाळेत नाव घालताना तेवढी सोय करून ठेवलेली. मी विमा रक्कम, मुदत, वारस सगळे नीट समजावून सांगितले. आबांनी ऐकून घेतले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "मना मराना हिसाब तू करस, पोर?"

मी फॉर्म गोळा करून पिशवीत ठेवला. आबांच्या हाताला काही झाले तर माझे शिक्षण त्याच दिवशी संपेल, हे मला ठाऊक होते. त्यांनाही ठाऊक होते. पण ते मुलीच्या तोंडून, आणि कमिशनसह, ऐकायचे त्यांना नको होते.

मग बाहेर पडले. वर्गातल्या एका मैत्रिणीचे गाव रावेर तालुक्यात, केळीच्या पट्ट्यात. तिकडे पैसेवाले शेतकरी आहेत म्हणून रविवारी गेले. पहिल्याच ओट्यावर एका काकांनी आदराने बसवले, पाणी दिले. मी म्हटले, "काका, विम्याचं सांगायला आले आहे." काकांनी विचारले, "कोणत्या? थंडीच्या का वाऱ्याच्या?"

मी गोंधळले. मैत्रीण पदराआड हसत होती. आपल्या जिल्ह्यात केळीवाल्यांपुढे 'विमा' म्हटले की तो फळपीक विमा. थंडीत पारा ठरावीक अंशाखाली उतरला, उन्हाळ्यात वर चढला किंवा वादळी वारे सुटले, तर त्याची भरपाई. काकांनी मला अर्धा तास हवामान केंद्रातल्या नोंदींविषयी सांगितले. उठताना मी भीतभीत म्हटले, "काका, मी माणसाच्या विम्याचं म्हणत होते." काका म्हणाले, "माणसाला काय होतं? बाग पडते, माणूस नाही पडत." त्या दिवशी एक केळ्यांची फणी घेऊन परत आले. आयुष्य एकही नाही.

महाविद्यालयातही प्रयत्न केला. प्राध्यापकांच्या खोलीत जाऊन उभी राहिले तर कळले की, जुन्या प्राध्यापकांकडे प्रत्येकी तीन-तीन, चार-चार पॉलिसी आधीच आहेत. काहींच्या तर त्यांच्या एजंटाच्या मुलाच्या लग्नालाही हजेरी लावून झालेली. ज्यांच्याकडे एकही नव्हती ते तासिका तत्त्वावरचे तरुण सर. ते हसून म्हणाले, "घेईन की. पण हप्ता कोणत्या महिन्यात येईल? आमचं मानधन कोणत्या महिन्यात येईल हे आम्हालाच माहीत नसतं." आम्ही दोघेही हसलो. त्यांच्या बोलण्यात माझ्या कामाची किल्ली होती, हे मला त्या वेळी समजले नाही.

ऑगस्टात धुळ्याला गेले. मावशी देवपुरात राहते. एस.टी.त स्त्रियांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, म्हणून एरंडोल, पारोळा करीत धुळे गाठणे परवडते. मावशीने ओळखीच्या एका दुकानदारांकडे नेले. मोठे दुकान, नोकरचाकर. त्यांनी आकडे भराभर पाहिले आणि वर्षाला पन्नास हजारांच्या हप्त्याची पॉलिसी घ्यायला तयार झाले. माझे हात थरथरू लागले. मग ते हिशेबाच्या वहीतून मान वर न करता म्हणाले, "पहिल्या हप्त्यातलं तुझं कमिशन मला परत द्यायचं. सगळेच देतात."

१९३८ च्या विमा कायद्याचे कलम ४१ मला पाठ होते. कमिशनमधून ग्राहकाला सूट द्यायची नाही, ग्राहकानेही घ्यायची नाही. दहा लाखांपर्यंत दंड. परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता आणि मी बरोबर उत्तर दिले होते. पण त्या दुकानात मला कलम आठवले असे म्हणणे खोटे होईल. मला आठवले की माझ्या वहीत अजून दोनच आयुष्ये आहेत, आणि हे तिसरे होईल. "कळवते," एवढेच म्हणून मी पायऱ्या उतरले.

परतीच्या बसमध्ये पारोळ्यापर्यंत हिशेब करीत होते. कमिशन दिले तरी माझा एक आकडा वाढतो. विद्यावेतन तर हातचे जात नाही. कोणाला कळणार आहे? निर्णय बसमध्ये झाला नाही. तो आठ दिवसांनी आमच्या गल्लीत झाला.

आमच्या घरापासून चौथ्या घरातल्या काकूंचे यजमान जुलैमध्ये वारले. सेहेचाळीस वर्षांचे होते. दोन एकर कोरडवाहू कापूस. सकाळी फवारणीला गेले, छातीत कळ आली, दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळे संपले. काकू एके दिवशी बँकेचे पासबुक घेऊन माझ्याकडे आल्या. मी विम्याचे काम करते हे त्यांनी ऐकले होते. म्हणाल्या, यांच्या खात्यातून दरवर्षी विम्याचे पैसे कापले जायचे. त्याचे काही मिळते का पाहा. "तूच वाची दाखाड, बैन."

मी वाचले. ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना होती. ९ मे २०१५ ला सुरू झालेली. बँकेतल्या खात्यातून वर्षाला एकदा हप्ता वळता होतो आणि कोणत्याही कारणाने मृत्यू आला तर वारसाला दोन लाख मिळतात. २०१९, २०२० आणि २०२१ च्या मे अखेरीला ३३० रुपये वजा झालेले दिसत होते. दोन लाख! मला काकूंकडे पाहून केव्हा एकदा सांगते असे झाले. पण पान उलटले. जून २०२२ पासून त्या योजनेचा हप्ता ४३६ रुपये झाला. त्या मे अखेरीला खात्यावर शिल्लक होती ३९८ रुपये. पुढे एकाही मे महिन्यात ती नोंद नव्हती.

तरीही मी काकूंना घेऊन तालुक्याच्या शाखेत गेले. खिडकीतल्या बाईंनी दोनदा तपासले आणि संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवून दाखवला. खात्यात पुरेसे पैसे नव्हते म्हणून त्या वर्षी हप्ता गेला नाही, आणि विमा तिथेच थांबला. पुन्हा अर्ज करून सुरू करता आला असता. पण तो थांबला आहे हे घरात कोणाला माहीतच नव्हते. काकूंनी थोडा वेळ पडद्याकडे पाहिले. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी मला विचारले, "किती कमी होते?"

मी म्हटले, "अडतीस."

"अडतीस रुपये?" त्या एवढेच म्हणाल्या. परत येताना बसमध्ये त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

मी त्या रात्री पुष्कळ विचार केला. काकांना विम्याचे महत्त्व पटले नव्हते असे नाही. तीन वर्षे त्यांनी भरला होता. ४३६ रुपये त्यांना वर्षात कधीच जड नव्हते असेही नाही, पण डिसेंबरात ते सहज होते. मे अखेर म्हणजे आमच्याकडे बियाण्याची घाई. मान्सूनपूर्व कपाशी लावायची असते, खत भरायचे असते. खात्यातला रुपया न् रुपया कृषी केंद्राच्या गल्ल्यात गेलेला असतो. कापसाचे पैसे येतात ते दिवाळीनंतर. हप्ता मागितला गेला तो नेमका वर्षातल्या सर्वांत कोरड्या आठवड्यात.

तेव्हा मला धुळ्याच्या दुकानदारांचा हिशेब सुटला. ज्या पॉलिसीचा पहिला हप्ता माझ्या कमिशनच्या लोभाने सुरू होणार, ती दुसऱ्या वर्षी कशाच्या बळावर चालणार? आमच्या योजनेतही पुढची अट हीच आहे: पहिल्या वर्षी केलेल्या पॉलिसींपैकी निदान ६५ टक्के चालू असल्या तर दुसऱ्या वर्षी विद्यावेतन. ही अट मी प्रशिक्षणात लिहून घेतली होती, समजून घेतली नव्हती. मी मावशीला फोन करून नाही म्हणून कळवले. त्यांनी दुसऱ्या कोणाकडून तरी घेतली, असे मावशी नंतर म्हणाली. मला वाईट वाटले नाही असे लिहिणार नाही. पन्नास हजार हा आकडा बरेच दिवस डोळ्यांपुढे होता.

मग मी वही काढली आणि सदतीस नावांपुढे आणखी एक रकाना आखला. नाव, वय, आणि तिसरा रकाना 'महिना'. म्हणजे या घरात पैसा कोणत्या महिन्यात येतो? त्यासाठी पुन्हा सगळ्यांकडे जावे लागले. पण या वेळी काही विकायला नाही, फक्त विचारायला. आणि गंमत अशी की मरणाचे नाव काढले की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडत, तीच माणसे पैसा केव्हा येतो आणि केव्हा जातो यावर तास तास बोलली. कापूसवाल्यांचा डिसेंबर. दूध घालणाऱ्यांचे दर दहा दिवसांनी. शिवणकाम करणाऱ्या ताईंचा लग्नसराईत. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या हातात दसऱ्याच्या सुमारास रक्कम येते, पण ती मुकादमाची उचल असते, म्हणजे कर्ज. त्यातून हप्ता घ्यायचा नाही, असे मी ठरवले. त्यांच्यापुढे कारखान्याहून परतण्याचा महिना लिहिला. तासिका तत्त्वावरच्या सरांपुढे लिहिले, 'मानधन येईल तेव्हा'. सरांना हे वाचून राग येणार नाही अशी आशा आहे.

पॉलिसी ज्या महिन्यात सुरू होते, त्याच महिन्यात तिचा वार्षिक हप्ता दरवर्षी पडतो. हे कोणीही एजंट सांगेल. पण म्हणूनच कापूसवाल्याला ती जूनमध्ये देऊ नये, हे मला काकूंच्या पासबुकाने शिकवले. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, मासिक हप्त्याला पंधरा; पण कोरड्या महिन्याला तीस दिवसांनी ओल येत नाही. एक गृहस्थ वर्षाला बारा हजार भरतो म्हणत होते. त्यांच्या घराचा बारा महिन्यांचा हिशेब आम्ही दोघांनी ओट्यावर खडूने मांडला आणि सहा हजारांवर उतरलो. माझे कमिशनही निम्म्यावर उतरले.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी रद्द झाला. ती बातमी सांगण्याच्या निमित्ताने मी बंद झालेली दारे पुन्हा ठोठावली. रावेरच्या काकांकडेही गेले. या वेळी बागेत नव्हे, घरात बसलो. त्यांनी स्वतःचा नाही, पण सुनेच्या आग्रहाखातर मुलाचा विमा उतरवला. "बाग पडते, माणूस नाही पडत," हे वाक्य या वेळी ते बोलले नाहीत.

पण त्याआधीची एक गोष्ट राहिली. बँकेतून आल्यावर पंधरा दिवसांनी काकू आमच्या दारात आल्या. मला वाटले, आता त्या विम्याचे नाव काढतील तर मी काय उत्तर देऊ? त्या म्हणाल्या, "मना पोरना काढ." त्यांचा मुलगा बावीस वर्षांचा, जळगावच्या एम.आय.डी.सी.त चटईच्या कारखान्यात कामाला. त्याचा पगार दहा तारखेपर्यंत होतो. आम्ही हप्त्याची तारीख त्यापुढची येईल असा बेत केला आणि हप्ता खात्यातून परस्पर जाईल अशी सोय केली. फॉर्म भरून झाल्यावर काकूंनी मुलाला माझ्यासमोर एकच गोष्ट बजावली. खात्यात हप्त्याहून शंभर रुपये नेहमी जास्त ठेवायचे, आणि मोबाइलवर संदेश आला की तो आईला वाचून दाखवायचा.

त्या मुलाच्या नावाने माझ्या वहीत चार नवी नावे आली, कारखान्यातलीच मुले. त्या चौघांच्या ओळखीने आणखी दोन. मॅडम म्हणत होत्या ते खरेच आहे, या धंद्यात भांडवल ओळखीचे. पण ओळख म्हणजे वडिलांचा हुद्दा किंवा मामाचे दुकान, असे मी धरून चालले होते. काकूंबरोबर बँकेत गेले तेव्हा माझ्या हाताला काही लागणार नव्हते, हे त्यांना माहीत होते. मी त्यांना नको असलेली बातमी दिली होती, आणि खरी दिली होती. पुढचे त्या एकट्यांनी ठरवले.

हा लेख लिहिते आहे तेव्हा जानेवारी चालू आहे आणि माझ्या वहीत अकरा आयुष्ये आहेत. वर्ष भरायला जूनपर्यंत मुदत आहे, तेरा राहिली. होतील की नाही, सांगता येत नाही. परीक्षाही याच काळात आहे. मराठीच्या पेपरात काही कमी पडले तर परीक्षकांनी हा लेख लक्षात घ्यावा, ही नम्र विनंती.

वहीतल्या सदतीस नावांपैकी पहिले नाव अजून तसेच आहे. परवा रात्री आबा जेवून उठले आणि कोनाड्यातली माझी वही त्यांनी स्वतः खाली घेतली. त्यांना अक्षरओळख आहे. बोट ठेवून वाचतात. सगळ्या नावांपुढचे महिने त्यांनी वाचले. स्वतःच्या नावापुढची जागा रिकामी होती.

सालदाराचे वर्ष आखाजीला सुरू होते. जुने साल फिटते, नवे ठरते, आणि वर्षातून एकदाच चार पैसे एकगठ्ठा हातात पडतात. आबांनी वही परत ठेवली आणि पाठमोरे असतानाच म्हणाले, "आखाजी येऊ दे, मंग दखू."

मी पेन शोधला आणि लिहिले: आबा, आखाजी.